अस्थिचिकित्सेतील संशोधन आणि प्रकाशनाची नीती

अस्थी व संधी यांच्या विकारांनी त्रस्त झालेला रुग्ण हा आज प्रत्येक वैद्याच्या चिकित्सालयातील नित्याचा रुग्ण झाला आहे. संधिगत वात, आमवात, कटिशूल, गृध्रसी, मन्यास्तंभ, अवबाहुक ही नावे आपल्या रुग्णपत्रिकांवर रोज लिहिली जातात. आयुर्वेदीय औषधालयांच्या फडताळांतही गुग्गुळकल्प, वातशामक तैले आणि काढे यांना मोठी जागा असते. ज्या विकारात रुग्ण अधिक, त्या विकारात औषधे अधिक. आणि जेथे औषधे अधिक, तेथे त्या औषधांविषयीचे लेख, प्रबंध, 'क्लिनिकल स्टडी' आणि माहितीपत्रके अधिक, हे ओघाने आलेच. म्हणूनच या लेखनाची नीती कोणती असावी, याचा विचार अस्थिचिकित्सेच्या क्षेत्रापासून सुरू करणे आम्हांस उचित वाटते.

नीतीचा विषय निघाला की तो केवळ विद्यापीठातील प्राध्यापकांचा आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. हा समज योग्य नाही. लेख लिहिणारा एक असला, तरी तो वाचून औषध देणारे शेकडो असतात आणि ते औषध घेणारे सहस्रावधी असतात. लेखातील असत्य अखेर कोणाच्या तरी गुडघ्यापर्यंत किंवा खुब्यापर्यंत पोहोचते. ते कसे पोहोचते, हे अलीकडच्या काळातील एका जपानी प्रकरणावरून स्पष्ट दिसते. त्यापासूनच आरंभ करू.

तेहतीस परीक्षणांची कथा

योशिहिरो सातो हे जपानमधील मज्जाविकारतज्ज्ञ. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश अशा विकारांनी ग्रस्त झालेले वृद्ध पडतात आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडते. हा भंग कसा टाळावा, हा सातो यांच्या संशोधनाचा विषय होता. विषय महत्त्वाचा होता यात शंका नाही. खुब्याचा भंग झालेला वृद्ध रुग्ण पुष्कळदा पुन्हा स्वतःच्या पायांवर हिंडू-फिरू शकत नाही, हे आपण सर्वजण जाणतोच. सातो यांच्या परीक्षणांत जीवनसत्त्वे, अस्थिक्षयावरील औषधे, किंबहुना केवळ सूर्यप्रकाशसेवन, असे जे जे वापरले, त्याचे फळ विलक्षण चांगले आले. उदाहरणार्थ, 2005 साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या 'जामा' या विख्यात नियतकालिकात त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. पक्षाघाताच्या 628 रुग्णांपैकी अर्ध्यांना फोलेट व मिथिलकोबालामिन दिले, अर्ध्यांना नुसत्या औषधरहित गोळ्या दिल्या. दोन वर्षांत पहिल्या गटात खुब्याचे 6 भंग झाले आणि दुसऱ्या गटात 27, असे त्यात म्हटले होते. एवढ्या स्वस्त व निर्धोक औषधाने एवढा लाभ होत असेल, तर कोणता चिकित्सक ते देणार नाही?

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाच्या ॲलिसन ॲव्हेनेल या जीवनसत्त्वे व अस्थिभंग यांविषयीच्या उपलब्ध परीक्षणांचे संकलन करीत होत्या. 2006 साली त्यांच्या लक्षात आले की, सातो यांच्या दोन निरनिराळ्या परीक्षणांतील रुग्णगटांच्या सरासरी आकड्यांत चमत्कारिक साम्य आहे. रुग्ण वेगळे, विकार वेगळा, पण आकडे तेच. पुढे न्यूझीलंडमधील मार्क बोलँड, अँड्र्यू ग्रे व ग्रेग गॅम्बल हे संशोधक त्यांना येऊन मिळाले. या चौघांनी सातो यांची तेहतीस परीक्षणे समोर मांडून त्यांतील आकड्यांची गणिती तपासणी केली. दैवाधीन पद्धतीने रुग्णांची दोन गटांत विभागणी केली की आरंभीचे वय, वजन, रक्तातील घटक यांत थोडाफार फरक पडतोच. येथे गट इतके एकसारखे होते की तसे घडणे गणिताच्या दृष्टीने जवळजवळ अशक्य होते. थोड्या सहकाऱ्यांच्या बळावर अल्पावधीत इतके वृद्ध रुग्ण मिळविणे, त्यांतील फारच थोडे मध्येच सोडून जाणे किंवा दगावणे, हेही विश्वसनीय नव्हते.

आता पुढील भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. या चौघांनी आपला लेख 2013 साली 'जामा'कडे पाठविला. तो अखेर 'न्यूरॉलॉजी' या दुसऱ्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला 2016 साली. त्याच वर्षी 'जामा'ने फोलेटविषयीचा मूळ लेख मागे घेतला. त्यानंतर सातो यांचे शंभराहून अधिक लेख निरनिराळ्या नियतकालिकांना मागे घ्यावे लागले. पहिली शंका आणि पहिली मोठी कारवाई यांच्यात दहा वर्षे गेली.

लेख मागे घेतल्याने प्रश्न मिटला काय? ॲव्हेनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली याचाही शोध घेतला. सातो यांच्या मागे घेतलेल्या बारा परीक्षण-लेखांचा आधार घेणारी 68 प्रकाशने त्यांना सापडली. त्यांत चिकित्सेच्या मार्गदर्शिका होत्या, समालोचने होती, नवी परीक्षणेही होती. सातो यांचे आकडे वगळले तर यांपैकी 13 प्रकाशनांचे निष्कर्ष बदलण्याचा संभव होता. प्रत्यक्षात पुनर्विचार करून दुरुस्ती केलेली आढळली ती केवळ एका प्रकाशनात. विष काढून घेतले, पण ज्या ज्या भांड्यांत ते मिसळले होते, ती भांडी तशीच राहिली. खोट्या आधारावर आखलेल्या नव्या परीक्षणांत खरेखुरे रुग्ण सहभागी होतात, ही यातील सर्वांत गंभीर गोष्ट होय.

न लिहिलेले उपद्रव

सातो प्रकरणात आकडेच बनावट होते. परंतु आकडे खरे असूनही लेख असत्य होऊ शकतो. त्याचे उदाहरण पृष्ठवंशाच्या शस्त्रकर्मातील आहे. अमेरिकेतील मेडट्रॉनिक कंपनीच्या 'इन्फ्यूज' या अस्थिजनक प्रथिनयुक्त उत्पादनास तेथील औषध प्रशासनाने 2002 साली कटिप्रदेशातील एका विशिष्ट शस्त्रकर्मासाठी संमती दिली. दोन मणके एकमेकांस जोडण्यासाठी रुग्णाच्याच श्रोणीतील अस्थी काढून ती रोपण करण्याची जुनी पद्धत होती. त्याऐवजी हे प्रथिन वापरावे, असा प्रचार झाला. कंपनीच्या अर्थसाहाय्याने झालेल्या 13 अभ्यासांत मिळून 780 रुग्णांना हे प्रथिन दिले गेले होते आणि त्या प्रथिनामुळे झालेला एकही उपद्रव त्या लेखांत नोंदविलेला नव्हता.

780 रुग्ण आणि शून्य उपद्रव! आपल्याकडे साध्या एरंडस्नेहाच्या वापरातही असे घडत नाही. 2011 च्या जून महिन्यात 'द स्पाइन जर्नल' या नियतकालिकाने एक संपूर्ण अंकच या विषयाला वाहिला. त्याचे संपादक यूजीन कॅरागी व सहकाऱ्यांनी औषध प्रशासनाकडील मूळ कागदपत्रे आणि छापील लेख शेजारी ठेवून पाहिले. वापराच्या प्रकारानुसार उपद्रवांचे प्रमाण 10 ते 50 टक्क्यांपर्यंत असू शकते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. 2012 साली अमेरिकन सिनेटच्या वित्त समितीने आपला अहवाल दिला. 1996 ते 2010 या काळात कंपनीने लेखक-चिकित्सकांना निरनिराळ्या कारणांनी सुमारे 21 कोटी डॉलर दिले होते आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी लेखांच्या मसुद्यांत हात घातला होता, पण वाचकांना त्याची कल्पना दिली गेली नव्हती, असे त्यात नमूद झाले. पुढे कंपनीने सर्व मूळ माहिती येल विद्यापीठाच्या स्वाधीन केली. दोन स्वतंत्र गटांनी ती तपासून 2013 साली निर्णय दिला की, जुन्या अस्थिरोपणापेक्षा या प्रथिनाचा स्पष्ट असा अधिक लाभ दिसत नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने नमूद करावीशी वाटते. ही दोन्ही उदाहरणे आधुनिक वैद्यकातील आहेत, म्हणून आपण समाधानाने हसावे, असा या लेखाचा हेतू मुळीच नाही. हे असत्य उघडकीस आले ते त्याच वैद्यकातील लोकांनी चिकाटीने आपल्याच लेखांची तपासणी केली म्हणून. आपल्या क्षेत्रातील किती लेख कोणी असे शेजारी ठेवून तपासले आहेत? चोरी सापडली नाही म्हणजे चोरी झालीच नाही, असे होत नाही.

प्रतिकूल निष्कर्षाचे मोल

आता दोन चांगली उदाहरणे पाहू. गुडघ्याच्या संधिगत वातात दुर्बिणीद्वारे संधी धुऊन स्वच्छ करण्याचे शस्त्रकर्म पूर्वी फार प्रचलित होते. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील ब्रूस मोझली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 180 रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा संधी केवळ धुतला, दुसऱ्याचा धुऊन खरवडून स्वच्छ केला आणि तिसऱ्या गटास केवळ त्वचेवर छेद देऊन शस्त्रकर्माचा आभास निर्माण केला. दोन वर्षांपर्यंत रुग्णांच्या वेदना व हालचाली यांची नोंद ठेवली. तिन्ही गटांत फरक आढळला नाही. 2002 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा अस्थिशल्यविशारदांत मोठी खळबळ माजली. स्वतः शस्त्रकर्म करणाऱ्यानेच स्वतःच्या शस्त्रकर्माविरुद्ध पुरावा प्रसिद्ध करावा, याला धैर्य लागते.

या परीक्षणातील संमतीची रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'मला कदाचित केवळ आभासी शस्त्रकर्म मिळेल आणि त्याने माझ्या गुडघ्याच्या विकारास लाभ होणार नाही,' या आशयाचे निवेदन प्रत्येक रुग्णाकडून त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घेतले होते. पात्र ठरलेल्या 324 रुग्णांपैकी 144 जणांनी सहभागास नकार दिला आणि तो आकडाही लेखात छापला गेला. ज्या संमतीत नकार देण्याचा मार्ग खरोखर मोकळा असतो, तीच संमती.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याशी निगडित आहे. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने झालेले आणि 2013 साली 'ऱ्हुमॅटॉलॉजी' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झालेले परीक्षण अनेकांस ठाऊक असेल. जानुसंधीच्या विकाराच्या 440 रुग्णांवर, अनेक केंद्रांत, 24 आठवडे हे परीक्षण चालले. गुडूची, शुंठी, आमलकी व शल्लकी यांच्या सत्त्वांपासून केलेले दोन आयुर्वेदीय कल्प एका बाजूस, आणि ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूस, अशी ही तुलना होती. कोणाला काय दिले जात आहे, हे रुग्णासही ठाऊक नव्हते व तपासणाऱ्यासही नव्हते. आयुर्वेदीय कल्प या दोन्ही औषधांच्या तोडीचे ठरले, हा निष्कर्ष आपण सभांमधून अभिमानाने सांगतो, आणि तो सांगावाच. परंतु त्याच लेखात आणखी एक नोंद आहे. वेदना चांगल्या उतरलेल्या सात रुग्णांत, कोणतेही लक्षण नसताना, यकृताशी संबंधित एसजीपीटी या घटकाचे रक्तातील प्रमाण वाढलेले आढळले. ही नोंद मात्र आपल्या माहितीपत्रकांत सहसा येत नाही. आमच्या मते त्या लेखाचे बळ या प्रतिकूल नोंदीतच आहे. ज्याने दोष लपविला नाही, त्याने सांगितलेल्या गुणावर वाचक विश्वास ठेवतो.

शास्त्राची परंपरा काय सांगते

प्रकाशननीती ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी टूम आहे, असे कोणी म्हणेल. आमचे नम्र मत निराळे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय पाहावा. रसांची संख्या किती, या प्रश्नावर तेथे एक मानणाऱ्या भद्रकाप्यापासून रस असंख्य मानणाऱ्या कांकायनापर्यंत सर्वांची मते त्यांच्या त्यांच्या नावानिशी नोंदविली आहेत. पुनर्वसु आत्रेयांनी सहा रसांचा सिद्धांत स्थापित केला, तरी खोडून काढलेली मते संहितेतून गाळली नाहीत. विरुद्ध मत नावासह जतन करणे, ही आपल्या शास्त्राची रीत होय.

लेखकत्वाविषयी दृढबलाचे उदाहरण पुरेसे आहे. चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन स्थाने आपण पूर्ण केली, आणि ती अनेक तंत्रांतून सामग्री घेऊन पूर्ण केली, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले. आपले किती, दुसऱ्याचे किती आणि कोठून घेतले, हे सारे त्याने स्पष्ट केले. आज आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादक समिती लेखकाकडून नेमके हेच मागते.

सुश्रुताचार्यांनी तर भग्नाच्या प्रकरणात संशोधकाला मापदंडच देऊन ठेवला आहे. सहा प्रकारचे संधिमुक्त व बारा प्रकारचे कांडभग्न सांगताना त्यांनी कृच्छ्रसाध्य व असाध्य कोणते हेही सांगितले. योग्य उपचाराने भग्न दृढ होण्यास लागणारा काळ बालवयात एक मास, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट, असे त्यांनी दिले आहे. म्हणजे 'आमच्या कल्पाने साठीच्या रुग्णाचे मनगट तीन महिन्यांत जुळले' असा लेख आला, तर त्यातून त्या कल्पाचा विशेष गुण काही सिद्ध होत नाही. लाक्षा, आभा किंवा कांडवेल यांचा अस्थिसंधानावरील प्रभाव दाखवावयाचा असेल, तर तो या काळाशी व समवयस्क तुलनागटाशी ताडून दाखवावा लागेल.

चिकित्सालयातील लेखनात दक्षता

आपल्यापैकी बहुतेकांचे लेखन म्हणजे रुग्णानुभव व लहान रुग्णमालिका. त्यांचे मोल आम्ही कमी मानीत नाही. परंतु अस्थिविकारांत फसगत होण्याची स्थाने पुष्कळ आहेत. रुग्ण आपल्याकडे येतो तो वेदना शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर ती काही प्रमाणात आपोआपच उतरते. नवा कटिशूल अनेकदा काही आठवड्यांत शमतो, आणि अवबाहुकासारखा जखडलेला खांदाही बऱ्याच रुग्णांत कालांतराने सैल होतो. जानुबस्ती चालू असताना रुग्ण घरी वेदनाशामक गोळी घेत असतो आणि आपण विचारले नाही तर सांगत नाही.

क्ष-किरण चित्राच्या बाबतीत विशेष सावध राहावे. उभे राहून, पायांवर भार देऊन काढलेल्या चित्रात गुडघ्यातील सांध्याची फट कमी दिसते. निजून काढलेल्या चित्रात तीच फट अधिक दिसू शकते. चिकित्सेपूर्वीचे चित्र उभ्याने आणि नंतरचे निजून काढले, तर एक मात्राही औषध न देता 'संधीतील तरुणास्थी वाढली' असा आभास निर्माण होतो. हेतू शुद्ध असला तरी असा लेख असत्यच ठरतो. म्हणून चित्र कोणत्या स्थितीत काढले, हे लिहिणे बंधनकारक मानावे. त्या चित्रावर रुग्णाचे नाव असेल तर ते झाकावे. नाव झाकले तरी रुग्णाचा अनुभव छापण्यास त्याची लेखी संमती निराळी घ्यावी. चिकित्सेस दिलेली संमती ही प्रकाशनास दिलेली संमती नव्हे.

तिसरी गोष्ट परत न आलेल्या रुग्णांची. चाळीस रुग्णांना औषध दिले, अठ्ठावीस पुन्हा आले आणि त्यांतील एकवीस जणांस उपशय मिळाला, तर 'पंचाहत्तर टक्के लाभ' असे लिहिण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात चाळिसांपैकी एकवीस, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक, एवढेच आपणास ठामपणे सांगता येते. उरलेले बारा बरे होऊन घरी बसले, की कंटाळून दुसऱ्या चिकित्सकाकडे गेले, याचा शोध घेतल्याखेरीज त्यांना हिशेबातून वगळता येत नाही.

रुग्णानुभव कसा लिहावा, याची 'केअर' ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका 2013 पासून उपलब्ध आहे. त्याच वर्षी तत्कालीन आयुष विभागाने आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या परीक्षणांसाठी सुयोग्य चिकित्सा-परीक्षणाच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची नीतिविषयक तत्त्वे 2017 साली नव्याने आली. परीक्षणाची आगाऊ नोंदणी करण्यासाठी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीपट 2007 च्या जुलैपासून कार्यरत आहे आणि त्यात नोंदणीस शुल्क नाही. 1 एप्रिल 2018 पासून तेथे पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. आधी जाहीर केलेली कसोटी मागाहून बदलता येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

पदव्युत्तर विद्यार्थी व अध्यापकांवर लेखसंख्येचा दबाव असतो, हे आम्ही जाणतो. त्या दबावावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा पोसला गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांची तपासणी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट प्रतीची असावीत, असे त्यांना आढळले. 2018 च्या मे महिन्यात आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून काढली. पुढे 'केअर' याच नावाने आलेली आयोगाची नवी यादीही 2025 च्या फेब्रुवारीत बंद झाली. आता नियतकालिकाची पारख करण्याचे दायित्व लेखकावर व त्याच्या संस्थेवर आहे. शुल्क भरताच दोन दिवसांत 'परीक्षित' म्हणून लेख स्वीकारणारे नियतकालिक कोणत्या प्रकारचे, हे ओळखण्यास यादीची आवश्यकता नाही.

औषधनिर्मात्यांस विनंती

काही वर्षांपूर्वी एका औषधनिर्मात्याचे प्रतिनिधी आमच्याकडे आले. नव्या वातहर कल्पाचा 'अभ्यास' आमच्या नावे प्रसिद्ध व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या पिशवीत औषधाचे नमुने होते आणि त्याचबरोबर तीस रुग्णांच्या फलनिष्पत्तीचा तक्ताही टंकित करून तयार होता. रुग्णांना औषध देण्यास अद्याप आरंभ व्हावयाचा होता! आम्ही नमुने व तक्ता दोन्ही परत केले. त्या गृहस्थांना आमचा नकार समजलाच नाही. 'सगळीकडे असेच चालते,' असे ते अगदी निर्मळपणे म्हणाले. त्यांच्या या निर्मळपणाचीच आम्हांस अधिक चिंता वाटली.

सर्व निर्माते असे नसतात, हेही आम्ही अनुभवाने सांगू शकतो. आपल्या कल्पाची खरी परीक्षा व्हावी, अशी इच्छा असणारे व्यावसायिक आहेत. त्यांच्यापुढे खर्चाची अडचण असते. औषध नियमावलीतील 2010 साली आलेल्या नियम 158-ब नुसार स्वामित्व कल्पांच्या अनुज्ञप्तीसाठी परिणामकारकतेचा पुरावा, प्रसंगी प्राथमिक परीक्षण, सादर करावे लागते. हा पुरावा म्हणजे केवळ फाईलमधील एक कागद, असे मानले की वर सांगितलेले तक्ते जन्मास येतात. अनुज्ञप्ती त्या कागदावर मिळेलही. परंतु तोच कागद उद्या कोणा ॲव्हेनेलबाईंच्या टेबलावर गेला, तर एका कल्पाबरोबर साऱ्या शास्त्राचीच पत जाईल.

म्हणून निर्मात्यांस तीन विनंत्या. परीक्षणास अर्थसाहाय्य अवश्य द्यावे, पण ते लेखात उघड लिहू द्यावे. निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध होईल, असे आरंभीच लेखी ठरवावे. आणि माहितीपत्रकात लेखाचा आधार द्यावयाचा, तर उपद्रवांच्या नोंदीसह द्यावा. आमवातासारख्या विकारात 'समूळ नाश' अशी भाषा वापरण्यापूर्वी 1954 च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाच्या अनुसूचीवर दृष्टी टाकावी. त्यात संधिवाताचा समावेश आहे.

वैद्यांसही एक सूचना आहे. लेखाच्या शिरोभागी नाव देण्याआधी प्रत्येकाने स्वतःस विचारावे: हे रुग्ण मी पाहिले काय? हे आकडे मी तपासले काय? उद्या कोणी मूळ रुग्णपत्रिका मागितल्या तर मी त्या दाखवू शकेन काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी नसतील, तर विभागप्रमुखाचे असो, मित्राचे असो वा आपले स्वतःचे, ते नाव तेथे असू नये. साहाय्य केलेल्यांचे आभार मानण्यास लेखाच्या शेवटी जागा असतेच.

अखेरीस आमचा एक प्रस्ताव आहे. आपल्या या त्रैमासिकात यशस्वी रुग्णानुभव नेहमीच प्रसिद्ध होतात. त्यांच्या शेजारी प्रत्येक अंकात किमान एक पान अनुपशयाच्या अनुभवांसाठी राखून ठेवावे. योग्य निदान केले, शास्त्रोक्त चिकित्सा दिली, रुग्णाने पथ्यही पाळले, तरी गुडघा उतरला नाही. किंवा गुग्गुळकल्पाने अम्लपित्त वाढले, पुरळ उठले, औषध थांबवावे लागले. असे अनुभव प्रत्येकाच्या दप्तरात आहेत. ते छापले गेले तर पुढील वैद्याचा एक रुग्ण वाचेल, निर्मात्यास आपल्या कल्पात कोठे सुधारणा हवी ते कळेल आणि आपल्या यशस्वी लेखांकडेही वाचक अधिक विश्वासाने पाहील. सुज्ञ वाचकांनी या प्रस्तावावर आपली मते संपादक मंडळाकडे अवश्य कळवावीत, आणि शक्य झाल्यास मतासोबत आपल्या दप्तरातील असा एक तरी रुग्णानुभव, रुग्णाच्या संमतीने, पाठवावा, ही नम्र विनंती.